एका हाताने सरकणारी बाकं

त्याला सगळे दुमड्या मिस्त्री म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. भिंतीत मिटणारा पलंग, पलंगाच्या पोटातून निघणारं टेबल, टेबलाखाली गडप होणाऱ्या खुर्च्या. वीतभर खोलीत त्याने भरले संसार बसवून दिले होते. लोक चेष्टा करत, "मिस्त्रीच्या घरी खुर्चीला विचारून बसावं, नाहीतर ती आपल्यालाच मिटून टाकायची."

त्याची थोरली बहीण खाडीवर होडी चालवायची. मेहुणे गेले तेव्हा, होडी विकून टाक, असं तिला ज्याने त्याने सांगितलं. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू केलं. सकाळी शाळेची पोरं आणि कामावर जाणारी माणसं, दुपारी पोती, सिलिंडर, भाजीच्या पाट्या, असा तिचा दिवस जायचा. आता पलीकडच्या काठावरच्या वस्तीसाठी नर्सबाईंना होडीतच दवाखाना हवा होता. पण बाकं पक्की ठोकलेली. पोती आडवी मावत नसत आणि पेशंटला निजवायचं तर जागाच नव्हती.

"साऱ्या जगाची घरं दुमडलीस," ताई म्हणाली, "माझी होडी तेवढी राहिली."

मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आई लवकर गेली, तेव्हा याच ताईने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिच्यासाठी काही करायचं तर ते साधंसुधं कसं चालेल? त्याने होडीच्या कुशीला मिटणारी बाकं केली, बाकाखालून उघडणारं तपासणीचं टेबल केलं, सरकता आडपडदा आणि औषधांचं फिरतं कपाट केलं. पितळी कड्या चकचकीत घासून लावल्या आणि बायकोला मुद्दाम दाखवायला नेलं. ताईने प्रत्येक फळी उघडून पाहिली. "बाई गं! राजवाडाच केलास की रे," ती म्हणाली.

महिनाभराने तो बिजागऱ्यांना तेल द्यायला म्हणून न कळवता धक्क्यावर गेला. बाकं दोरीने करकचून बांधलेली होती. टेबलावर कांद्याची पोती होती आणि कपाटाचं दार कापडाची घडी कोंबून बंद केलेलं होतं. मिस्त्रीचा चेहरा पडला. ताईला त्याचं तोंड पाहूनच कळलं.

"तसं सगळं छान आहे रे," ती घाईघाईने म्हणाली. "मलाच मेलीला वेळ होत नाही उघडझाक करायला."

तो होडीत चढला. पोत्यांना टेकून बसला आणि दिवसभर तिच्याबरोबर फिरला. लाट आली की कड्या आपोआप सुटत होत्या. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजून आखडल्या होत्या. शिवाय बाक उघडायला दोन हात लागत आणि ताईचा एक हात कायम सुकाणूच्या दांड्यावर. तेवढ्यावर त्याने स्वतःची समजूत घातली असती. पण दुपारी तिने छपराला टांगलेली पाण्याची बाटली एका प्रवाशाला काढून द्यायला सांगितली. बाटली तिच्या डोक्याच्या जरा वर होती, एवढीच.

"ताई, उजवा हात वर कर."

"कशाला? शाळा आहे का?"

"कर ना."

हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. ताईने ओठ दाबून पाण्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. तुला सांगितलं असतं तर तू मला होडीवरून उतरवलं असतंस."

घरी आल्यावर तो जेवायला बसला. बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रागावू नका, पण होडी ताईंसाठी केली होती की स्वतःच्या हौसेसाठी?" तो रागावला नाही. ताट बाजूला सारून उठला.

या वेळी त्याने आधी विचारलं. नर्सबाई, ताई आणि तो अशी तिघं रिकाम्या होडीत बसली. ताईने जे जे एका हाताने होत नव्हतं ते सांगितलं. पहिल्यांदाच, न लाजता. मग त्याने स्वतःच्या हाताने सगळा राजवाडा उखडला. त्या जागी हलक्या लाकडाची, गुडघ्याएवढ्या उंचीची सहा खोकी केली. सगळी एका मापाची. होडीच्या तळाला पट्ट्या बसवल्या, खोकी त्यात एका हाताने, नाहीतर पायाने ढकलली तरी सरकत, आणि पायानेच खुंटी दाबली की जागच्या जागी घट्ट. कडेला लावली की बाकं, मध्ये जोडली की पेशंटसाठी बिछाना, टोकाला रेटली की मालाला मोकळी जागा. खोक्यांच्या पोटात लाइफ जॅकेटं. आडोशाला तारेवर एक पडदा.

दवाखान्याच्या पहिल्या दिवशी नर्सबाईंनी गादी अंथरली, पडदा ओढला आणि रांगेतल्या माणसांना म्हणाल्या, "जरा थांबा." मग ताईकडे वळल्या. "चला, आधी तुम्ही झोपा."

"मी? अहो, माझी होडी आहे ही!"

"म्हणूनच."

पडद्यामागून ताईचं कण्हणं ऐकू येत होतं, मधूनच नर्सबाईंना दिलेल्या शिव्या, आणि मग दोघींचं हसणं. मिस्त्री धक्क्यावर होडीकडे पाठ करून उभा होता. डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून त्याने बाहीच वापरली.

ताईचा हात पूर्ण वर जात नाही अजून, पण वेणी आता तिची ती घालते. व्यायाम चुकवला की नर्सबाई होडीभर ऐकवतात. आठवड्यातले दोन दिवस दुपारच्या फेऱ्या मिस्त्री मारतो, आणि ताई खोकी जोडून आडवी होते. सुकाणू त्याला अजून नीट जमत नाही. धक्का जवळ आला की जुने प्रवासी आपणहून छपराचे दांडे घट्ट धरतात आणि ताई डोळे मिटल्या मिटल्याच ओरडते, "डावीकडे रे बाबा, डावीकडे!"