एसला चिकटलेला टी

अण्णा, म्हणजे माझे सासरे, चाळीसगावहून आमच्याकडे हावड्याला महिनाभरासाठी म्हणून आले होते. इथे आल्यावर त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला आणि मुक्काम लांबला. पाय सावरला, हातही बराचसा सावरला. जीभ मात्र मागे राहिली. काय बोलायचं ते त्यांना नीट ठाऊक असायचं, पण जोडाक्षर आलं की जीभ अडखळायची आणि सगळं वाक्यच सांडून जायचं.

घरी जायचं, एवढं एकच त्यांचं मागणं होतं. तिथे ते एकटे राहतात. शेजारी त्यांचा कारखान्यातल्या नोकरीतला जुना जोडीदार राहतो, घराची एक किल्ली त्याच्याकडे असते. कधी काही झालं तर निदान फोनवर त्याला सांगता यायला हवं. म्हणून नवऱ्याने आणि मी अट घातली. अण्णांनी स्वतः त्याला फोन लावायचा आणि मी मध्ये न पडता त्याला सगळं कळलं पाहिजे. ते जमलं की तिकीट काढायचं. अट मीच सुचवली होती. मला गोष्टी अशा स्वच्छ ठरवलेल्या बऱ्या वाटतात.

वाचेचे व्यायाम घ्यायला एक बंगाली बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, अण्णांना बंगाली, आणि दोघांचं हिंदी आपापल्या गावचं. मग त्यांनी इंग्रजीचा मार्ग काढला. एसला टी चिकटून आलेले शब्द शोधा, म्हणाल्या. सुरुवातीला, मध्ये, शेवटी, कुठेही चालेल. रोज थोडे म्हणवून घ्या.

शोधायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. नवऱ्याची बँकेतली बदलीची नोकरी, दर तीन-चार वर्षांनी नवं गाव. सामान, शाळा, गॅस, डॉक्टर यांच्या याद्या करण्यातच माझा संसार झाला आहे, त्यात ही एक वाढली. हवी ती अक्षरं टाकली की ती असलेले सगळे इंग्रजी शब्द काढून देणारी पानं इंटरनेटवर असतात. मी टाकली आणि शब्दांचा लोंढाच आला. त्यातले निम्मे मी जन्मात ऐकले नव्हते. तरी ते एक्सेलमध्ये घेतले, सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे रंग दिले, सोप्याकडून अवघडाकडे लावले आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

सकाळी नवरा ऑफिसला निघायच्या आधी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसायचो. मी शब्द म्हणायचे, ते म्हणायचा प्रयत्न करायचे. ‘स’ यायचा, ‘ट’ यायचा नाही. पुन्हा म्हणायचे, पुन्हा नाही. मी झालेल्या शब्दापुढे खूण करायचे. खुणा फार नसायच्या. माझं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे आणि अर्धं घड्याळाकडे असायचं. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर. कंटाळा दोघांनाही आला होता, पण तसं आधी म्हणायचं कुणी हा प्रश्न होता.

एकदा ऑस्ट्रिच आला. ते बराच वेळ झगडले आणि मग थांबून, सावकाश, म्हणजे काय ते विचारलं.

“शहामृग.”

“चाळीसगावात मला शहामृग कशाला लागतंय?”

हे वाक्य मात्र मला पूर्ण कळलं. मी हसले, ते हसले नाहीत.

त्याच रविवारी त्यांनी हट्टाने फोन लावला. आपण बरे आहोत, स्टेशनवर घ्यायला ये, एवढंच सांगायचं होतं. पलीकडून जोडीदार सारखा काय, काय विचारत राहिला. रेंज नाही वाटतं, म्हणाला, सूनबाईंना द्या. अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि खोलीत गेले. पुढच्या दोन्ही फेऱ्यांना ते बाईंसमोर तोंड मिटून बसले. बाई समजुतीने म्हणत राहिल्या, मेशोमशाई, आर एकबार, म्हणजे काका, अजून एकदा. काका भिंतीकडे बघत राहिले. दारात चपला घालताना बाई मला म्हणाल्या, अशी माणसं मग बोलणंच सोडून देतात. मी मान हलवली. त्या रात्री मी नवी यादी केली, जास्त लांबलचक. थकलं की मला दुसरं काही सुचत नाही.

महिन्याचं वाणसामान आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पिशव्या रिकाम्या करत होते. अण्णा दारात खुर्ची घेऊन बसले होते. मी तूरडाळीची नवी पाकिटं पुढे ठेवली.

“जुना स्टॉक पुढे घे,” ते म्हणाले.

‘ट’ जागेवर होता. मी पाकीट हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ते जन्मभर कारखान्यात स्टोअरकीपर होते, माझी मांडणी त्यांना बघवत नव्हती एवढंच. मी विचारलं, तुमच्या स्टोअरमध्ये काय काय असायचं? मग एकेक येऊ लागलं. स्टार्टर, स्टड, पुसायचं कॉटन वेस्ट, इस्टिमेट, स्टॅम्प, मस्टर. काही अडले, बरेच आले. मी डाळीच्या रिकाम्या पिशवीवरच लिहीत गेले. माझ्या कागदावर इतके शब्द होते, पण मस्टर त्यात मी घेतलाच नव्हता.

पुढच्या खेपेला बाईंना तो शब्द कळेना. कामगारांनी हजेरीची सही करायची ती वही, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे हाजिरा खाता. मग अण्णांनाच विचारा, म्हणाल्या, सहीला उशीर झाला तर काय व्हायचं? अण्णांनी सांगितलं. लेट मार्क, अर्धा दिवस रजा, साहेबाच्या शिव्या. सांगायला त्यांना बराच वेळ लागला, पण बोलणं त्यांनी सोडलं नाही.

फ्रिजवरचा कागद मी काढला. त्यानंतरही काही आठवडे गेले, काही दिवस तर जीभ पुन्हा मागेच गेली. एका रविवारी आम्हाला न विचारता त्यांनी फोन उचलून जोडीदाराला लावला. नवरा पेपर वाचत होता, त्याने तो खाली ठेवला.

“मस्टरवर सही करायला येतोय,” अण्णा म्हणाले. “स्टेशनवर ये.”

पलीकडून जोडीदाराचा आवाज आला, आम्हालाही ऐकू जाईल एवढा.

“लेट मार्क लागलाय तुम्हाला, अण्णा. गाडी कुठली ते बोला.”

सूनबाईंना द्या, असं तो म्हणाला नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. अट माझीच होती. मी लॅपटॉप उघडला आणि हावड्याहून चाळीसगावची दोन तिकिटं काढली, पोचवायला जाणाऱ्या नवऱ्याचं एक धरून. मग औषधांची यादी केली, जोडीदाराला पाठवायच्या सूचनांची केली. ती करताना डोळ्यांवर झोप उतरत होती, आणि घर मोकळं होईल याचं बरं वाटतंय की नाही, ते मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मी टेबलाशी आले. अण्णा आधीच बसले होते. आजचे शब्द कुठे, त्यांनी विचारलं.

“आज नाहीत.”

“मग उभी का? बस जरा.”

कुकर व्हायचा होता. मी बसले.