बाईला ढकलणार कोण?

"ढकला मले," असं म्हणून ती खांदे सैल सोडायची आणि उभी राहायची. आता तुम्हीच सांगा, तिरोड्यात चारचौघांत परक्या बाईला कोण ढकलणार?

मी आखाड्यातला जुना पैलवान. ती आमच्याच गल्लीत राहायची, मुलींना कराटे शिकवायची. पावसाळ्यात सरावाला छप्पर नव्हतं, म्हणून सासूला सोबत घेऊन आखाडा मागायला आली. रोज सकाळी फक्त दोन तास.

वस्ताद म्हणाले, "कराटे वेगळं, कुस्ती वेगळी."

"वरून वेगळं जी. आतलं काम एकच. तुमचा तो पोट्टा खांद्यानं ओढून राहिला. टाचेतून ओढ म्हणा, अन् दम बेंबीखाली."

अहो, वस्ताद आम्हाला जन्मभर हेच सांगत आलेले! ते चमकले, पण ऐकतील कसले?

"दाखवा मंग."

"ढकला मले."

झालं! मांड्या थोपटणारे आम्ही गडी एकमेकांची तोंडं बघत बसलो. हात पुढे करायची कुणाची छाती होईना. तिचा चेहरा उतरला. कुणी हातच लावला नाही, तर ती काय कप्पाळ दाखवणार? मला आमचाच राग आला.

तेवढ्यात ओट्यावर बसलेली सासू उठली. पदर खोचला.

"सरका रे बाजूले! माही लय दिवसांची हौस आहे."

काय ढकललं म्हणता! आधी हातांनी, मग पाठ लावून. सून शांत, गालात हसत. पाऊल तसूभर हललं नाही. शेवटी सासू धापा टाकत म्हणाली, "घरीबी अशीच आहे हे!" आम्ही हसून लोळलो. वस्तादांनी मुकाट्यानं चावी काढून दिली.

यंदा तिच्या नवऱ्याची बदली झाली. ती निघाली तेव्हा पोरी हमसून हमसून रडल्या. तर म्हणते कशी, "रडा, पण दम खाली ठेवून!" मला तिची फार आठवण येते. सांगायला लाज कसली?

ती गेली त्याच संध्याकाळी आमच्यातलेच काही जण वस्तादांना म्हणाले, "मॅडम गेली. आता पोरीयले आखाडा कायले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो, तर पोरी मातीत रांगेनं उभ्या. डोळे मिटलेले, खांदे सैल. समोर शिकवायला कुणी नाही. वस्तादांनी दारातच चपला काढल्या आणि शेवटच्या पोरीशेजारी जाऊन उभे राहिले.

आम्ही दाराबाहेर थांबलो. आमची वेळ अजून व्हायची होती.