काठाला धरा!

रागावण्याच्या बाबतीत माझ्या साडूंचा हात धरील असा माणूस उभ्या न्यू जर्सीत नाही. माणसानं कशावर रागवावं याला साधारण काही मर्यादा असते. पार्किंगचा दंड, सासुरवाडीचं बोलणं, आमटीत मीठ जास्त. आमचे साडू सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका गरुडावर रागावतात. हा गरुड अमेरिकेच्या अगदी पहिल्या चांदीच्या नाण्यांवर आहे, आणि साडूंच्या मते तो गरुड नाहीच. ‘ही पावसात भिजलेली कोंबडी आहे,’ असं त्यांनी चार जुलैच्या पार्टीत शेजारच्या गोऱ्या गृहस्थाला, त्याच्याच अंगणात, त्यानंच भाजलेलं कणीस खाताखाता सुनावलं. तो बिचारा हसला. तो हसला म्हणून साडू आणखी भडकले. ‘अहो, याच्या देशाच्या पहिल्यावहिल्या पक्ष्याची ही दशा, आणि हा हसतो!’ मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? झालं, पंधरा दिवस माझ्याशी अबोला.

माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, एवढ्या एका गुन्ह्यापायी मी तीस वर्षं त्यांचं ऐकून घेतोय. दोघांचीही घरं वेस्ट विंडसरमध्ये, दहा मिनिटांच्या अंतरावर, त्यामुळे सुटका नाही. साडूंनी मेकॅनिकल इंजिनियर म्हणून आयुष्यभर चांगली नोकरी केली, निवृत्त झाले, आणि इतर निवृत्त मंडळी बागेत टोमॅटो लावतात तर यांनी नाणी धरली. तीसच नाणी, पण सगळी जुन्यात जुनी, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली. ‘शेजारच्या गावची आहेत हो, गाडीत बसलात की तासाभरात तिथे,’ असं ते माहेरवाशिणींबद्दल बोलावं तसं बोलतात. या नाण्यांवर एका बाजूला कोंबडी आणि दुसऱ्या बाजूला एक बाई. अमेरिकन लोक तिला स्वातंत्र्यदेवता म्हणतात, साडू नुसतं ‘बाई’ म्हणतात. पहिल्या नाण्यांवर बाईचे केस मोकळे आहेत. पुढे तिला रिबीन मिळाली, मग डोक्यावर टोपी आली. गरुडही पुढे छातीशी ढाल घेऊन जरा बाळसेदार झाला. जाणकार लोक टोपीवाल्या बाईला जास्त सुबक मानतात. साडूंना मोकळ्या केसांचीच प्रिय. ‘नव्या देशात आल्याआल्या केस विंचरायला वेळ असतो का कुणाला?’ असं ते विचारतात. त्यावर आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणतात, ‘मी आले तेव्हा रोज विंचरत होते. आणि दिवेलागणीला तुमच्या त्या मोकळ्या केसांच्या बाईला बाहेर काढू नका.’

त्यांच्या सगळ्या नाण्यांत लाडकं एकच, या पहिल्या बाईचा अर्धा डॉलर. दिसायला अगदी सामान्य. बाईचं नाक जवळजवळ गेलेलं, कोंबडीची पिसं सपाट, आणि बाईच्या गालावरून तीन तिरप्या रेघा. या रेघांवर साडू तासभर बोलतात. त्या काळी नाणं पाडण्याआधी चांदीची चकती वजनाला जास्त भरली तर टांकसाळीतले लोक ती कानशीनं घासून वजन बरोबर करत. त्या घासण्याच्या खुणा नाण्यावर तशाच राहिल्या. बाजारात अशा खुणांमुळे नाण्याचा भाव पडतो. साडूंच्या लेखी तोच त्याचा दागिना. ‘अहो, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा ठोकळा घासून घासून माझे तळहात सोलले होते. मास्तर काटकोन लावून बघायचा आणि म्हणायचा, परत घास. हा कुणीतरी माझ्यासारखाच घासत बसला होता. त्याची एवढी एक खूण राहिलीय, तर तिला हे डॅमेज म्हणतात!’ असं म्हणून ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की जणू भाव मीच पाडला.

त्यांच्या घरी नाणी बघायला जाणं म्हणजे सोवळ्यात जेवायला बसण्यासारखं. आधी हात धुवायचे, पुसायचे, ते हात साडू तपासणार. महाराष्ट्र मंडळाचे एक अध्यक्ष एकदा चिवडा खाताखाता नाण्याकडे वळले, तर साडूंनी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली आणि ती शेवटपर्यंत परत दिली नाही. नाण्याच्या तोंडाला बोट लागता कामा नये. ‘काठाला धरा! काठाला!’ ही आरोळी ऐकून पाहुण्याच्या हातून नाणं पडायची वेळ येते. खरी गंमतही काठालाच आहे. त्या अर्ध्या डॉलरच्या दोन्ही अंगांवर किंमत कुठंच लिहिलेली नाही. ती लिहिलीय काठावर, गोल फिरवून: पन्नास सेंट किंवा अर्धा डॉलर. गेली दोनेक वर्षं त्यांनी पाहुण्यांना डोळे मिटून अंगठ्यानं ती अक्षरं वाचायला लावायचा नवाच छळ सुरू केला होता. एखाद्याला जमलं नाही की, ‘बोटं आहेत की भेंड्या?’

याच दोन वर्षांत त्यांनी गाडी चालवणं सोडलं. कारण? ‘या राज्यात आता कुणाला ड्रायव्हिंग येत नाही.’ मग मी ड्रायव्हर. हॉटेलात मेनू हातात घेईनासे झाले, ‘जेवणाची काय परीक्षा द्यायचीय?’ म्हणून वेटरवरच ओरडायचे. वय झालं की माणूस विक्षिप्त होतो, आणि हे तर मुळातच विक्षिप्त, असं आम्ही आपसात म्हणायचो.

गेल्या वर्षी दोघांनी घर विकून शॉमबर्गला मुलीजवळ लहानशा अपार्टमेंटमध्ये जायचं ठरवलं. आमची ही भाची फार व्यवस्थित. तिनं इन्शुरन्सची चौकशी केली, तेव्हा कळलं की नाणी एखाद्या कंपनीकडून तपासून, प्लॅस्टिकच्या डबीत कायमची बंद करून घेतली तर सोयीचं. कंपनी खरेपणाची खात्री देते आणि सत्तरपैकी मार्क देते. डबी फोडली की खात्री संपली. सत्तरपैकी मार्क म्हटल्यावर साडूंच्या घरातली भांडी थरथरली. अर्ध्या डॉलरला फार तर आठ मिळतील असा अंदाज होता. ‘सत्तरपैकी आठ! अहो, मी जन्मात नापास झालो नाही!’ मी म्हटलं, मार्क नाण्याला आहेत. ‘ते आणि मी काय वेगळे आहोत?’

शेवटी भाचीचा मला फोन आला. ‘काका, प्लीज टॉक टू हिम. ही लिसन्स टू यू.’ हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. ताईंनीही गळ घातली, ‘अहो, मूव्ह करताना एखादं हरवलं तर माणूस हाय खाईल. बंद करून टाका एकदाचं.’ मलाही ते पटलं. चार दिवस डोकं खाऊन मी त्यांना तयार केलं आणि एका शनिवारी जवळच्याच एका हॉटेलात नाण्यांचं प्रदर्शन होतं तिथे घेऊन गेलो. तिथे अशा एका कंपनीचं टेबल होतं. वाटेत साडू मांडीवर डबा घेऊन बसले होते. एका शब्दानं कुणावर रागावले नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

टेबलापाशी एक तरुण होता, अतिशय अदबशीर. त्यानं एकोणतीस नाणी नोंदवून घेतली. तिसावं, म्हणजे तो अर्धा डॉलर, भिंगाखाली धरलं आणि म्हणाला, छान आहे, पण कानशीच्या खुणा आहेत, मार्क कमी होतील. साडूंनी त्याला वर्कशॉप ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं. मग साडूंनी विचारलं, डबीत घातल्यावर काठाचं काय? तरुण उत्साहानं म्हणाला, ‘नो प्रॉब्लेम, सर! आमच्या नव्या डबीत काठ दिसतो.’

‘दिसतो?’ साडू कडाडले. ‘टू यू! टू यू इट इज व्हिजिबल! आय कॅनॉट सी, सर!’

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. साडू त्या पोराला सांगतच राहिले. नजरेच्या मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं थोडं दिसतं. बाईचा चेहरा दोन वर्षांत बघितलेला नाही. हे नाणं माझं आहे हे मला फक्त अंगठ्याला कळतं, आणि तुम्ही ते माझ्या हयातीत प्लॅस्टिकपलीकडे ठेवायला निघालात. त्या पोरानं नाणं त्यांच्या हातात परत दिलं, तेही काठाला धरून.

मला भयंकर राग आला. डोळे गेले म्हणून वाईट वाटायच्या आधी राग आला, हे मी लपवत नाही. दोन वर्षं यांना मी गाडीतून फिरवतोय, आणि ही गोष्ट कळावी कुणाला, तर टेबलामागच्या अनोळखी पोराला? गाडीत बसल्यावर मी त्यांना फाडफाड बोललो. डॉक्टरला दाखवलंत का? ‘दाखवलं की, दातांचं नाव सांगून. तुम्हीच तर नेत होता. दातांच्या डॉक्टरच्या वरच्याच मजल्यावर आहे तो.’ मग आम्हाला का नाही सांगितलंत? त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. म्हणाले, ‘सांगितलं असतं, तर तुम्ही सगळे काय म्हणाला असता? आता दिसतच नाहीत, तर कशाला हवीत नाणी?’

मी गाडी सुरू केली नाही. कारण आम्ही हेच म्हटलं असतं, आणि सगळ्यांत आधी मी म्हटलं असतं.

तिथूनच त्यांनी भाचीला फोन लावला. ती पाच मिनिटं इंग्रजीत रागावली, श्वास न घेता, अगदी बापाच्या वळणावर. मग म्हणाली, ‘बाबा, द हाफ डॉलर स्टेज विथ यू. लेट देम सील द रेस्ट.’ घरी पोचल्यावर त्यांनी ताईंना सांगितलं. त्या दिवशी दोन्ही घरांत कुणीच जेवलं नाही.

गेल्या महिन्यात मी शॉमबर्गला गेलो होतो. साडू आता वाळले आहेत. अपार्टमेंटच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात. त्या अर्ध्या डॉलरला ताईंनी सुती पिशवी शिवून दिलीय, पण ते बहुधा पिशवीबाहेर, त्यांच्या मुठीतच असतं. आम्ही गप्पा मारत होतो आणि त्यांचा अंगठा काठावरून फिरत होता. एक फेरा झाला की परत पहिल्या अक्षरापासून. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘साडूभाऊ, अशानं अक्षरं झिजतील हो. जरा दमानं फिरवा. भाव राहू द्या बाजूला, पण अक्षरंच गेली तर वाचाल काय?’

आता आभाळ कोसळणार म्हणून मी सरसावून बसलो. ते नुसते हसले.

‘सव्वादोनशे वर्षं टिकलीत,’ ते म्हणाले. ‘मला आणखी आठ-दहा पुरे.’

त्या वेळी ते माझ्यावर रागावले असते, तर फार बरं वाटलं असतं.