निर्गुडीचा पाला आणि उतरवलेली सूज

मेसच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंमुळे माझे हात वाचले. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

ताई वयाने माझ्याहून लहान, पण मी त्यांना ताईच म्हणते. त्याही माझ्यासारख्या विदर्भातल्याच. एका प्रयोगशाळेत औषधी वनस्पतींचे अर्क काढून ते सूज किती कमी करतात, हे तपासायचं त्यांचं काम. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे त्यांनी सांगितलं तेवढंच मला कळलं.

मी दिल्लीत परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी मुलांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. मागच्या हिवाळ्यात मनगटं आणि बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी मूठ मिटेना. पोळ्या वाकड्या यायला लागल्या, तसं मुलं विचारायची, "काकू, आज कुठल्या राज्याचा नकाशा?" मीही हसायचे आणि पुढची पोळी लाटायला घ्यायचे. लाटणं सुटलं की काम सुटणार, आणि काम सुटलं की गावी परत जायचं. मुलगी इथल्या शाळेत नुकती रुळली होती. घरी कुणाला काही बोलले नाही.

गावी असते तर आईने निर्गुडीचा पाला आणला असता. इथे रिजच्या, म्हणजे दिल्लीतल्या टेकडीवरच्या जंगलाच्या, कडेला ते झुडूप आहे, माळी त्याला संभालू म्हणतो. त्याला विचारून पाला आणायचे, उकळून शेक घ्यायचे, वरून आंबेहळदीचा लेप लावायचे. बरं वाटायचं, खरंच वाटायचं.

तरी शेवटी सरकारी दवाखान्यात जायचं ठरवलं. आमच्याकडे डॉक्टरांसमोर जायचं म्हणजे माणूस अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जातो. तसे मी हातही नीट करून गेले. पहाटे उठून नेहमीपेक्षा जास्त वेळ शेक घेतला, लेप लावला, स्वच्छ धुतला. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "हाथ तो ठीक है." दुखल्यावर घ्यायची गोळी दिली. मला हायसं वाटलं. दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच.

मी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरलेला ताईंनी पाहिला. त्यांनी विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. मग त्या म्हणाल्या,

"काकू, पाला खोटा नाही. निर्गुडीच्या अर्काने सूज कमी झालेली आम्ही प्रयोगात बघतो. माणसाला त्याचा किती उपयोग, ते अजून तपासतोय. पण सूज कशाने येते, ते पाला सांगत नाही. तुम्ही ती घरीच उतरवून गेलात, मग डॉक्टर बघणार काय?"

"मग असले हात घेऊन जाऊ त्यांच्यासमोर?"

"असलेच घेऊन जायचे," ताई म्हणाल्या.

त्यांनी शेक, लेप सगळं बंद करायला लावलं. ते दिवस फार वाईट गेले. कणीक मेसमधल्या दुसऱ्या बाईने मळली, मी कशीबशी लाटत राहिले. मग ताई कामावरून अर्धी सुट्टी काढून माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. आधी काय झालं होतं ते त्यांनीच हिंदीत समजावलं. मला तर रडूच येत होतं. या वेळी डॉक्टरांनी एकेक सांधा पाहिला, रक्त तपासायला पाठवलं. सांध्यांना आतून खाणारा वात निघाला. आणखी उशीर झाला असता तर बोटं वाकडीच राहिली असती, असं ते म्हणाले. औषध सुरू झालं. पाल्याचं विचारलं, तर वरून शेक घेतला तर चालेल, पोटात काही घ्यायचं नाही आणि तपासायला येताना तर काहीच करून यायचं नाही, म्हणाले.

हात आता पुष्कळ बरे आहेत. लाटणं सुटलं नाही. पण रोज जाग आली की पांघरुणात आधी मूठ मिटून बघते. ती भीती काही जात नाही.

ताईंना मी एकदा म्हटलं, हे कसं फेडू? त्या म्हणाल्या, काहीतरीच काय काकू. पण त्यांचं इथे कुणी नाही. कधी त्यांना दवाखान्यात जायची वेळ आली, तर रांगेत मी उभी राहीन, उशाशी मी बसेन. मेसला त्या दिवशी सुट्टी. हे मी त्यांचं कधीतरी फेडणार आहे.