भावकीसाठी घडवलेला चाकू

जळकोटच्या लोहारानं विचारलं, "चाकू कशासाठी पाहिजे?" आणि मी चेहरा जराही न हलवता सांगितलं, "भावकीसाठी." चूक एवढीच. पुढं जे झालं ते या एका शब्दामुळं झालं, आणि शब्द माझा होता. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

मी लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. तिथं सरळ चेहऱ्यानं विनोद करायची मला खोड लागली आहे. पोरं हसतात. त्यांना परीक्षेपर्यंत माझ्यासमोरच बसायचं असतं म्हणून हसतात, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. लोहाराला कसलीच परीक्षा द्यायची नव्हती. तो हसला नाही. भात्याच्या जागी लावलेला विजेचा पंखा त्यानं बंद केला. विळ्याला धार लावून घ्यायला आमच्या गावचा एक माणूस तिथं बसला होता, तो माझ्याकडं बघायचा थांबेना.

खरं काम होतं कलमाचं. आमच्या आणि चुलतभावाच्या शेतामधल्या बांधावर एक गावरान आंबा आहे. म्हातारा झालाय, एका अंगानं वाळत चाललाय. त्याच्या काड्या नव्या रोपांवर बांधाव्यात, दोन रोपं आपण लावावीत आणि दोन दादाला द्यावीत, असा माझा बेत होता. दादा म्हणजे हाच चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दोन वर्षांपूर्वी मोजणी झाली, बांध दोन पावलं सरकला आणि आमचं बोलणं बंद पडलं. आंब्याचं रोप घेऊन दारात गेलो तर तो मला हाकलणार नाही, एवढा अंदाज होता. कलमाचा चाकू दुकानातही मिळतो. पण पंधरा वर्षं फळ्यावर कलमं बांधलेल्या माणसाला हौस फार असते. मला तो हातानं घडवलेलाच पाहिजे होता.

"कामापरमानं पात्याला पाणी द्यावं लागतंय, मास्तर," लोहार म्हणाला. लालभडक पातं पाण्यात कधी आणि किती बुडवायचं, हे त्या पात्यानं पुढं काय कापायचं त्यावर ठरतं. "म्हून इचारलं. नीट सांगा."

"सांगितलं की," मी म्हणालो. विनोद दुसऱ्यांदा केला की मुरतो, अशी माझी समजूत.

"बरं. या आठ दिसानं."

आठ दिवसांनी गेलो. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून त्यानं पातं काढलं होतं. माझ्या मनात होतं बोटभर, पातळ. हे वीतभराहून लांब, पाठीला जाड आणि टोकाला सुईसारखं.

"एवढं मोठं?"

"त्या कामाला एवढं लागतंयच."

त्यानं ते हातात दिलं नाही. जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकला. धारेची वस्तू हातोहात देऊ नये, वैर येतं, हे मलाही ठाऊक आहे. मागं सरकायचं कारण मात्र मी विचारलं नाही. उलट, मोठा कारागीर दिसतोय, गिऱ्हाइकाच्या मनात नव्हतं तेही करून देतो, असं वाटून मी खूश झालो.

"मूठ मी बसवत न्हाई," तो म्हणाला. "नायगावात सुतार हाय. फोन करून ठेवतो, तुमाला काई सांगायची गरज पडणार न्हाई."

खरंच पडली नाही. नायगावच्या सुतारानं मला बघितलं आणि घरातल्या बायकांना आत जायला सांगितलं. मग माझ्या तळव्याला गोडं तेल चोळलं आणि शिसवीची नुसती मूठ हातात दिली.

"आवळा. आनखी आवळा."

मूठ तेलातही निसटली नाही. त्यानं मान डोलावली. "हात वला झाला तरी सुटणार न्हाई."

"घामानं ना? माझ्या हाताला लई घाम येतो."

त्यानं मूठ परत घेऊन फडक्यानं पुसली. "हाव," म्हणाला, "घामानंच म्हणा."

गल्लीतल्या तांबटाकडून त्यानं पितळेची आडवी पट्टी आणवली आणि पात्याच्या बुडाशी बसवली. का, तर जोर लावताना हात पुढं घसरून आपलीच बोटं कापू नयेत म्हणून. काम तर असं केलं होतं की कुठं फट म्हणून दिसेना. मी कौतुक केलं, चार लोकांना तुमचं नाव सांगतो म्हणालो. तर त्यानं हातच जोडले. "नाव घेऊ नका, सर. कुणीबी इचारलं तरी घेऊ नका. मला लेकरंबाळं हायत." इतका प्रसिद्धीला लाजणारा माणूस मी पाहिला नव्हता. बसमध्ये बराच वेळ मी त्याच्या विनयाचाच विचार करत होतो.

मधल्या रविवारी आंब्याच्या काड्या बघायला गावी गेलो. फाट्यावरच्या हॉटेलात शिरलो तर आतलं बोलणं तुटलं. मी न मागता चहा आला, आणि ठेवणाऱ्यानं तो माझ्या हाताला हात लागणार नाही असा लांबूनच सरकवला. दादाच्या घराचं दार भरदुपारी लावलेलं होतं. अंगणात त्याचा नातू खेळत होता. मला बघताच वहिनी दार उघडून आली, पोराला काखेत मारून आत गेली आणि कडी घातल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला. शेतात दादा एकटा नव्हता, दोन गडी बरोबर होते, आणि तिघं खुरपणी सोडून उभे होते. मी बांधावर चढलो तसा दादा निघाला. पाठ फिरवून नाही. माझ्याकडं तोंड ठेवून, एकेक पाऊल मागं टाकत, पार विहिरीपर्यंत.

मोजणीचा राग दोन वर्षांत इतका कसा वाढला, एवढंच मला नवल वाटलं. मी काड्या मोजल्या आणि लातूरला परत आलो.

म्यान शिवून घ्यायला बाजारातल्या एका चामड्याच्या कारागिराकडं गेलो. याला कुणाचाही फोन गेलेला नव्हता. त्यानं चाकूवरचं फडकं काढलं, पुन्हा झाकलं, आणि हळूच विचारलं, "शर्टाच्या आत का भाईर?"

एसटीत लोक बघतात, म्हणून म्हणालो, "आतच बरं."

"मग डाव्या अंगाला घेतो. बसलं, वाकलं तरी टोचणार न्हाई. अन् काढताना आवाज व्हणार न्हाई."

आवाजाचं काय, हे तरी मी विचारायला हवं होतं. पण म्यान इतकं बेतशीर बसलं की मी आरशासमोर उभा राहून तीनदा चाकू काढून बघितला.

तयार वस्तू पहिल्या कारागिराला दाखवावी म्हणून पुन्हा जळकोटला गेलो. लोहारानं चाकू उलटापालटा केला. "झ्याक झालाय," म्हणाला. "तुमच्या दादाचा बी झाला. परवाच नेला त्यानं. ह्याच पाट्यातला हाय, जुळाच म्हणा."

"दादाला कशाला पाहिजे होता?"

"त्यानं बी तेच सांगितलं. भावकीसाठी."

मी तिथल्या लाकडी ठोकळ्यावर बसलो. विळेवाला, फोन, कडी, विहिरीपर्यंत मागं गेलेला दादा, सगळं एका रांगेत लागलं. "अहो, मी गंमत केली होती," मी म्हणालो. "मला आंब्याची कलमं बांधायचीत."

"तुमी हासला न्हाईत की," लोहार म्हणाला. "अन् दोनदा सांगितलं."

"मग तुम्ही घडवून कामून दिला?"

"मी न्हाई म्हणलो असतो तर तुमी दुसरीकडं गेला असता. माझ्याकडून नेला तर कुणापाशी काय हाय, एवढं तरी मला ठाव राहतं." मी चाकू पुढं सरकवला, तर त्यानं हात मागं घेतले. "वापस घेत न्हाई. जावा आधी त्येच्याकडं. तो बी निजून न्हाई राहिला तिकडं."

तसाच ऑटोत बसलो. आता माझ्या शहाणपणाचा कळस ऐका. दादाच्या अंगणात पाऊल टाकल्यावर माझ्या ध्यानात आलं, की चाकू शर्टाच्या आत, डाव्या अंगालाच आहे.

दादा पडवीत बाजेवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. उजवा हात वाकळेखाली. वहिनी दारात उभी, उंबरा अडवून.

"दादा, कलमासाठी आहे," मी म्हणालो. "बांधावरचा आंबा वाळून राहिलाय, त्याच्यासाठी."

"काय हाय?"

आता दाखवण्यावाचून गत नव्हती. मी दोन बोटांनी शर्ट वर केला आणि चाकू काढला. आवाज झाला नाही. वाकळ हलली. मी चाकू जमिनीवर ठेवला आणि लोहारासारखा दोन पावलं मागं सरकलो.

मग दादानं डावा हात उचलून अंगणातल्या तेलाच्या डब्याकडं बोट केलं. त्यात कोयीतून आलेलं आंब्याचं रोप होतं. "बांध," तो म्हणाला. "बघू दे."

मी उकिडवा बसलो. शेंडा छाटायला गेलो तर तो कापला नाही, चेंगरला. जुन्या आंब्याची काडी जवळ नव्हती, म्हणून त्याच चेंगरलेल्या शेंड्याला पाचरीसारखं टोक काढायला गेलो तर साल सोलवटून लोंबायला लागली. जाड पातं हिरव्या काडीत शिरेना. मी जोर लावला. मूठ सुताराच्या शब्दाप्रमाणं निसटली नाही, पट्टीनं उजव्या हाताची बोटंही वाचवली. डाव्या हाताच्या अंगठ्याची सोय मात्र कुणी केली नव्हती.

रक्त डब्यात पडायला लागलं तसा वाकळेखालचा हात बाहेर आला. रिकामा होता. दादानं बाजेवरून उठून माझा अंगठा मुठीत धरला आणि दाबून ठेवला. वहिनी आतून हळदीचा डबा घेऊन आली. तिनं अंगठ्याकडं बघितलं, चेंगरलेल्या काडीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.

"भावजी, तुमच्याच्यानं काडी कापंना," ती म्हणाली, "अन् तुमच्या भ्यानं आमी महिनाभर दारं लावून बसून राहिलो."