मधल्या टिनातली खिडकी

देवरावभाऊ गेले तेव्हा मी त्यांच्याच पान्याने एक बोल्ट आवळत होतो. त्यांच्या मुलीचा, शीतलचा फोन आला, "काका, बाबा गेले..." पाना हातातच राहिला. आज दीड महिना झाला. तो परत कुणाला करायचा, हेच कळत नव्हतं.

संग्रामपूरच्या रस्त्यावर आमची शेतीअवजारांची ओळ आहे. टिनाची पाच दुकानं, पाचही वेल्डिंगची. मी भाऊंकडेच शिकलो आणि शिकल्याबरोबर डोक्यात हवा गेली. वाटेकरी कशाला? सोनाळ्यात एकटंच दुकान टाकू, सगळं गिऱ्हाईक आपलं! सहा महिने तिथे माश्या मारल्या. एका बेअरिंगसाठी दुकान बंद करून संग्रामपूरची बस धरावी, तोवर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन भाऊंच्या ओळीत पोचलेला. तिथे एक जण पेरणीयंत्राचे फण ठोकतो, दुसरा चाक बघतो, आणि चार दुकानं एका ओळीत म्हणून सुट्या भागांची गाडी आपणहून दारात येते.

एक दिवस भाऊ सोनाळ्याला आले. रिकामं दुकान पाहून हसले. "काऊन बे, राजा झाला ना? परजा कुठी हाये?" मी चिडलो. तसे म्हणाले, "गिऱ्हाईक दुकानाले नाही येत गजा, ओळीले येते. माह्या बाजूची जागा खाली हाये."

"अन् तुमचं गिऱ्हाईक तोडलं तर?"

"तोड ना बे. तुह्याकडं गर्दी झाली का उरलेले माह्याकडंच येतीन."

मी गेलो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या दोन दुकानांच्या मधल्या टिनात हातभर चौकोन कापला. पाने, ड्रिल, चहा, शिव्या, सगळं त्यातून यायचं-जायचं. त्यांची नवी जोडणी दुपारी पाहिली की संध्याकाळी माझ्या यंत्रावर असायची. "चोरलं ते चोरलं, सरळ तरी लाव!" पलीकडून आवाज यायचा.

ते गेले आणि त्यांच्या दुकानाला कुलूप लागलं. तिथे मोबाईलचं दुकान येणार, असं कानावर आलं. ओळ विरळ झाली की काय होतं, ते मी सोनाळ्यात पाहिलं होतं. भाऊंसाठी खूप रडलो... खरं सांगतो, त्यात थोडं स्वतःसाठीही होतं.

गेल्या सोमवारी सकाळी पलीकडचं शटर वाजलं. मी काम थांबवलं. चौकोनातून वेल्डिंगचा जाड हातमोजा घातलेला एक हात आला, कोपराकडे सरकवलेल्या दोन हिरव्या बांगड्या.

"काका, बाबांचा बावीसचा पाना तुमच्याकडंच हाये ना?"

पाना तिच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "काम झालं का परत देजो शीतल, मले लागते."