स्पीकरच्या जागी ड्रम

मोबाइलमध्ये सगळं ऐकता येत असताना लोक एवढाले स्पीकर घरात ठेवतातच कशाला, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत असे दोन स्पीकर होते. लाकडी, कमरेएवढे उंच. सोबत अ‍ॅम्प्लिफायर आणि तबकड्यांचा प्लेअर. वडिलांनी, म्हणजे दादांनी, हे सगळं हौसेनं जमवलेलं. वाळूजच्या एका कारखान्यात ते पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर होते. घरी आले की आधी गाणं लागायचं, तेही भिंती हलतील एवढ्या आवाजात. आई करवादायची, "दिवसभराचा गोंगाट पुरला नाय का?" प्रेसवरची माणसं बोलतातही मोठ्यानं, त्यामुळं कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

दादा मूळचे बिडकीनकडचे. गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. स्पीकरला चिकटून जमिनीवर बसायचं, त्याच्या अंगावर तळहात टेकवायचा आणि दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरायचा, ही त्यांची ऐकायची तऱ्हा. नव्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभं राहावं तसे दिसायचे. मिरवायचा सोस, दुसरं काय, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग दुष्काळाची ती वर्षं आली. चहूकडं इमारती उठत होत्या, बोअर आटत होते आणि नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. गल्लीत भरून ठेवलेला ड्रम सकाळी रिकामा सापडायचा. म्हणून पाणी घरातच ठेवायचं ठरलं. निळे ड्रम आणले. ते मावतील असे कोपरे दोनच, आणि दोन्हींत स्पीकर. आई नुसती ड्रमांकडं बघत उभी राहिली. दादाच म्हणाले, "पाणी आधी."

शहागंजातल्या जुन्या सामानवाल्यानं स्पीकर ठोकून पाहिले. "आजकल ये कौन रखता, चचा? मोबाइल में सब आ जाता." दादा नुसते हसले आणि त्यानं दिले ते पैसे घेऊन निघाले.

मी त्यांना मुठीत मावेल असा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला. ना वायर, ना अडगळ, वीज गेली तरी चालू. "लई भारी," म्हणाले. रोज संध्याकाळी तो पुढ्यात ठेवून, डोळे मिटून ताल धरू लागले. मला फार बरं वाटलं.

एकदा कामावरून आलो तर ते तसेच बसलेले. मांडीवर हात पडत होता, पण खोलीत आवाज नव्हता. स्पीकरचा दिवा विझलेला, चार्जिंग संपलेलं. हाका मारल्या, मग खांदा हलवला.

"दादा, हा बंद पडलाय."

"बंद? कवा?" त्यांनी तो उचलून कानाला लावला, पुन्हा खाली ठेवला आणि ओशाळून हसले. "मला यातलं पहिल्यापास्नंच काय कळत नाय रे. तू एवढ्या हौसेनं आणला, म्हणून बसतो."

मी शेजारी टेकलो. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मग त्या मोठ्यातलं ऐकू यायचं?"

"कान तर प्रेसवरच गेले," दादा म्हणाले. "पण त्यो घुमला की लाकूड धडधडायचं. हाताला तरी ऐकू यायचं."